४.८ मीटरची भरती येते, मग ४.८ मीटरची लाट का येत नाही?

जुलैतल्या एका सकाळी भाचीचा फोन आला. ती ऐरोलीला राहते, सातवीत आहे. "मामा, आज दुपारी ४.८ मीटरची लाट येणारे. आमच्या स्कूलबसची उंची किती असते?"

हसू आलं, पण पोरीचं गणित चोख होतं. ४.८ मीटर म्हणजे जवळजवळ सोळा फूट. एवढी लाट खाडीतून उठून आली तर बस जाईलच, पहिल्या मजल्यावरचे लोकही गच्चीवर पळतील. तिच्या सोसायटीच्या ग्रुपवर निरोप फिरत होता: 'समुद्रात ४.८ मीटर उंच लाटा उसळणार, काळजी घ्या.' दर पावसाळ्यात असे निरोप येतात. टीव्हीवरही खाली पट्टी सरकते आणि वर कुठल्यातरी जुन्या वादळाचं चित्र दाखवतात. पालिका पावसाळ्याआधी मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी काढते. तिच्यात लिहिलेली असते भरतीची उंची. बातमी होईपर्यंत भरतीची लाट झालेली असते.

भरती आणि लाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लाट वाऱ्याने होते, काही सेकंदांत येते आणि जाते. भरती म्हणजे सगळ्या समुद्राचं पाणी सहा तास सावकाश चढणं. लाटेचा अंदाज हैदराबादची 'इन्कॉइस' ही समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था काही दिवस आधी देते, कारण वाऱ्याचं काही सांगता येत नाही. भरतीचं वेळापत्रक भारतीय सर्वेक्षण विभाग अख्ख्या वर्षाचं आधीच छापून ठेवतो. ते वर्षभर आधी छापता कसं येतं, आणि त्यातला मोठा भाग तुमच्या स्वयंपाकघरात टांगलेल्या कॅलेंडरवर आधीपासून कसा असतो, ते पुढे येईलच.

विहिरीत वीस फूट पाणी

आधी त्या ४.८ चा निकाल लावू. गावच्या विहिरीत वीस फूट पाणी आहे असं आजोबा म्हणाले, तर पाणी काठावरून वीस फूट वर उडालंय असं कोणी समजत नाही. मोजणी तळापासून असते हे आपल्याला ठाऊक असतं. भरतीचंही तसंच. तिची मोजणी कुठून सुरू होते एवढंच बातमीत लिहीत नाहीत.

ती सुरू होते ओहोटीच्या साधारण सगळ्यात खालच्या पातळीपासून. हे शून्य ठरवलं बोटींसाठी. बंदरात शिरणाऱ्या कप्तानाला समुद्र जास्तीत जास्त किती खोल आहे याच्याशी देणंघेणं नसतं. पाणी कमीत कमी किती असेल आणि आपली बोट गाळात रुतेल का, हे त्याला हवं असतं. म्हणून नकाशावरची खोली सगळ्यात उतरलेल्या पाण्यापासून लिहितात आणि भरतीही तिथूनच मोजतात.

मुंबईच्या किनाऱ्याला समुद्राची सरासरी पातळी या शून्याच्या साधारण अडीच मीटर वर आहे. म्हणजे ४.८ मीटरची भरती ही नेहमीच्या मधल्या पातळीपेक्षा सव्वादोन-अडीच मीटरच वर. आणि जवळपास तेवढं पाणी दर पंधरवड्याला चढतच असतं. आमच्याकडे साधी मोठी भरतीसुद्धा ४.४ मीटरच्या आसपास जाते. तेव्हा ४.८ म्हणजे त्यावर जेमतेम हातभर पाणी. ते बिनमहत्त्वाचं नाही, पण स्कूलबस बुडवण्याइतकंही नाही.

पाणी चढतं कशाने?

"चंद्रामुळे," असं सातवीतलं पोर डोळे मिटून सांगतं. पण चंद्र करतो काय? तो पाणी लोहचुंबकासारखं वर उचलतो असं बहुतेकांच्या डोक्यात असतं. तसं होत नाही. पृथ्वी पाण्याला जेवढ्या जोराने धरून ठेवते, त्याच्या साधारण एक कोटीवा भाग एवढाच भरती आणणारा जोर असतो. एवढ्याशा जोराने पाण्याचा थेंबही उचलला जाणार नाही.

मग होतं असं की पाणी आडवं सरकतं. ताटातली आमटी ताट किंचित कलंडलं की एका कडेला जमते, तसं. हजारो किलोमीटर पसरलेल्या समुद्रातलं पाणी सगळीकडून अगदी थोडं थोडं सरकत एका बाजूला जमायला लागतं. प्रत्येक ठिकाणचं सरकणं नगण्य, पण समुद्र अफाट असल्यामुळे बेरीज मोठी होते. या जमलेल्या पाण्याला आपण फुगवटा म्हणू. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि आपला किनारा या फुगवट्याखालून जातो, तेव्हा आपल्याला पाणी चढलेलं दिसतं.

चंद्र एका बाजूला, मग भरती दिवसातून दोनदा का?

हा प्रश्न मला शाळेत पडला होता. सर म्हणाले, "पाठ कर." म्हणून इथे जरा थांबतो.

ठाणे स्टेशनच्या पुलावरून तीन मित्र गाडी पकडायला निघालेत. पहिला सगळ्यात वेगात, मधला मध्यम, तिसरा दप्तर सावरत रेंगाळत. तिघंही जातायत एकाच दिशेला. पण मधल्याच्या नजरेने बघा: पहिला त्याच्यापुढे निसटतोय आणि तिसरा मागे पडतोय. अंतर दोन्ही बाजूंना वाढतंय.

पहिला मित्र म्हणजे चंद्राकडच्या बाजूचं पाणी, मधला म्हणजे पृथ्वीचा गोळा, तिसरा म्हणजे पलीकडच्या बाजूचं पाणी. चंद्राच्या जवळ जे आहे त्याला ओढ जास्त, लांब आहे त्याला कमी. जवळचं पाणी पृथ्वीच्या पुढे सरकतं, पलीकडचं मागे राहतं. आपण उभे असतो मधल्या मित्राच्या, म्हणजे पृथ्वीच्या, खांद्यावर. म्हणून आपल्याला दोन्हीकडे फुगवटा दिसतो: एक चंद्राच्या बाजूला, एक बरोबर उलट बाजूला. चोवीस तासांत आपण दोन्हींखालून जातो.

पृथ्वी चंद्राकडे ओढली जाते तर जाऊन आदळत कशी नाही, असं भाचीने लगेच विचारलं. फुगडी घालणाऱ्या दोन मुली एकमेकींना ओढतच असतात, तरी फिरत राहतात म्हणून आदळत नाहीत. इथेही तेच.

आता बारीक गोष्ट. आपण एक फेरी मारून परत त्याच जागी येतो तोवर चंद्रही थोडा पुढे गेलेला असतो. त्याला गाठायला आणखी सुमारे ५० मिनिटं लागतात. म्हणून भरतीचा दिवस २४ तास ५० मिनिटांचा, आणि दोन भरतींमधलं अंतर १२ तास २५ मिनिटांचं. आज दुपारी दोनला पाणी चढलं असेल तर उद्या तीनच्या अलीकडे-पलीकडे. वाशी पुलावरून रोज त्याच लोकलने जाणाऱ्यांना खाडी कधी काठोकाठ आणि कधी नुसता चिखल दिसते, ती यामुळेच. लोकल ठरल्या वेळी येते (निदान वेळापत्रकात तरी), भरती मात्र रोज पाऊण-एक तास उशिरा येते.

सूर्य एवढा मोठा, तरी तो दुय्यम?

चंद्रापेक्षा सूर्याची पृथ्वीवरची ओढ सुमारे १८० पट आहे. तरीही सूर्याची भरती चंद्राच्या भरतीच्या निम्म्याहून थोडी कमी भरते. हे कसं?

जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला मेणबत्ती लावा. तिच्या जवळच्या ताटात भरपूर उजेड, पलीकडच्या टोकाच्या ताटात अगदीच मंद. आता मेणबत्ती विझवा आणि लांबच्या मैदानावरचा फ्लडलाइट खिडकीतून आत येऊ द्या. उजेड जास्त, पण दोन्ही ताटांत सारखाच. मेणबत्ती उजेडात हरते आणि फरकात जिंकते.

भरतीला हा फरक लागतो. मघाचे तीन मित्र आठवा: तिघं सारख्याच वेगाने धावले असते तर अंतर पडलंच नसतं. चंद्र आपल्यापासून सरासरी ३,८४,००० किलोमीटरवर आहे, म्हणजे ओळीने तीस पृथ्व्या ठेवल्या की पोहोचलो. सूर्य १५ कोटी किलोमीटरवर, म्हणजे अकरा हजारांहून जास्त पृथ्व्या. त्याला पृथ्वीची जवळची बाजू काय आणि लांबची काय, जवळपास एकच.

उधाण आणि भांग

सूर्य दुय्यम असला तरी गप्प बसत नाही. अमावास्येला सूर्य आणि चंद्र पृथ्वीच्या एका बाजूला असतात, पौर्णिमेला समोरासमोर. फुगवटे दोन्ही बाजूंना असल्यामुळे एका बाजूला काय आणि समोरासमोर काय, दोघांचे फुगवटे एकावर एक येतात. पाणी खूप चढतं आणि तितकंच खूप उतरतं. हे उधाण. अष्टमीच्या सुमारास दोघं काटकोनात असतात, चंद्र जिथे पाणी जमवतो तिथून सूर्य ते काढून घेतो. भरती मुळमुळीत, ओहोटीही मुळमुळीत. ही भांगाची भरती.

मुंबईकडे उधाणाला पाणी साधारण साडेतीन मीटर चढ-उतार करतं, भांगाला दीड मीटरही नाही. पाणी एवढं मोठं प्रकरण आहे की त्याला हलायला वेळ लागतो. त्यामुळे सगळ्यात मोठं उधाण नेमकं पौर्णिमेला येत नाही, एक-दोन दिवसांनी येतं. शिवाय चंद्राची वाट पूर्ण गोल नाही. तो कधी ३,६३,००० किलोमीटरपर्यंत जवळ येतो, कधी ४,०५,००० च्या पुढे जातो. जवळ असताना त्याचा भरतीचा जोर लांब असतानापेक्षा चाळीस टक्क्यांच्या आसपास जास्त असतो. पौर्णिमा किंवा अमावास्या आणि हे जवळ येणं जुळून आलं की पालिकेच्या यादीत मोठे आकडे झळकतात.

दिवा गावातला पाऊणपटीचा हिशोब

आता माझा आवडता भाग.

ऐरोलीला खाडीच्या कडेला दिवा गाव आहे. तिथल्या जेटीवर जाळं सांधत बसलेल्या एका काकांना मी विचारलं होतं, "आज भरती कधी?" त्यांनी मोबाइल काढला नाही, आकाशाकडेही पाहिलं नाही. विचारलं, "आज तिथ कंची?" मला सांगता आली नाही. मग त्यांनीच बोटं मोडली आणि म्हणाले, "तीज. सवादोनला पानी भरंल."

हिशोब असा: तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. तृतीया म्हणजे ३, त्याची पाऊणपट सव्वादोन, भरती सव्वादोनला. चतुर्थीला तीनला. अष्टमीला सहाला. दशमीला साडेसातला. एका दिवसात दोन भरत्या, म्हणून तीच वेळ रात्री आणि दिवसा, थोड्याफार फरकाने. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. आपल्या आज्या-पणज्यांना शाळेत पावकी, निमकी, पाऊणकीचे पाढे पाठ करावे लागायचे. ज्याला पाऊणकी येते त्याला भरती बोटांवर येते.

हे खरं कसं निघतं? यात जादू नाही. तिथी म्हणजे काय ते पाहिलं की उलगडतं. आपण तिथी म्हणजे तारखेचा पारंपरिक अवतार समजतो. पण ती मुळात वेळ मोजतच नाही, कोन मोजते. आकाशात चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी झाली. पूर्ण वर्तुळाचे ३६० अंश, म्हणून तीस तिथ्या. आणि भरती कशावर ठरते? सूर्य आणि चंद्र आकाशात एकमेकांपासून किती लांब आहेत यावरच. म्हणजे पंचांगात तिथी आणि खाडीत भरती, दोन्हीकडे एकच कोन वेगवेगळ्या भाषेत लिहिलेला आहे.

आणखी पुढे. २४ तासांचे तीस भाग केले तर एक भाग ४८ मिनिटांचा. प्रत्येक तिथीमागे भरती ४८ मिनिटं पुढे जाते. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं. तोंडी हिशोबात तीन मिनिटं सोडून दिली आहेत, एवढंच. आणि शुद्ध-वद्याला एकच हिशोब का? कारण फुगवटे दोन आहेत. अमावास्येचा चंद्र आणि पौर्णिमेचा चंद्र बरोबर उलट बाजूंना असले तरी पाण्याला ते सारखेच. मघा जो प्रश्न मला सरांनी पाठ करायला लावला होता, त्याचं उत्तर या पाऊणपटीत गुपचूप बसलेलं होतं.

"मग भरतीच्या तक्त्याची गरजच काय?" अशी शंका रास्त आहे. पाऊणपट वेळ सांगते, तीही अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. पाणी किती मीटर चढेल हे ती सांगत नाही. शिवाय हा हिशोब आपल्या किनाऱ्याचा आहे. दुसऱ्या बंदरावर पौर्णिमेची भरती वेगळ्याच वेळी येते, कारण फुगवट्याला जमिनी आडव्या येतात आणि पाणी वळसे घालत पोहोचतं. प्रत्येक बंदराचा स्वभाव त्यामुळे मोजूनच कळतो. मुंबईत अपोलो बंदराजवळ १८७८ पासूनच्या नोंदी आहेत. आशियातल्या सगळ्यात जुन्या नोंदींपैकी ही एक. अशा नोंदींतून सूर्य, चंद्र, त्यांचं जवळ-लांब जाणं, वर-खाली होणं यांचे वेगवेगळे ताल सुटे करतात आणि पुढच्या वर्षासाठी पुन्हा एकत्र मिळवतात. हे काम करायला १८७२ च्या सुमारास लॉर्ड केल्विन यांनी चाकं आणि कप्प्यांचं यंत्र बनवलं होतं. एकेक चाक एकेका तालाने फिरायचं, सगळ्यांवरून गेलेली एक दोरी त्यांची बेरीज करायची, आणि टोकाला लेखणी भरतीची रेघ काढायची. आज संगणक तेच करतो.

ठाण्याच्या मासुंदा तलावाला भरती का येत नाही?

तलावपाळीवर संध्याकाळी भेळ खाताना हा प्रश्न कोणीतरी विचारतोच. तलावही पाणी, समुद्रही पाणी.

पुन्हा फरक आठवा. तलावाचा हा काठ आणि तो काठ चंद्रापासून जवळपास सारख्याच अंतरावर आहेत. मेणबत्तीपासून लांब, एकाच ताटातले दोन भाताचे कण. फरक नाही, म्हणून सरकणं नाही. आणि जे काही अतिसूक्ष्म होईल, त्यासाठी बाजूने येऊन जमायला पाणीच कुठे आहे?

याच उत्तरात दुसऱ्या एका दाव्याचा निकाल लागतो. 'माणसाच्या शरीरात इतकं पाणी, मग पौर्णिमेला मनात भरती येणारच' असं फिरवलं जातं. ज्या चंद्राला मासुंदा तलाव हलवता येत नाही तो तुमच्या पोटातलं ग्लासभर पाणी हलवणार नाही. चिंबोऱ्या मात्र अमावास्येला भरलेल्या आणि पौर्णिमेला पोकळ असतात असं आमच्याकडे बाजारात छातीठोकपणे सांगतात. त्या वादात मी पडत नाही, अमावास्येला बाजारात जातो.

खाडीत एवढं पाणी चढतं कसं?

मोकळ्या महासागरात हा फुगवटा अर्धा-पाऊण मीटरच असतो. मग मुंबईला साडेतीन-चार मीटरचा चढ-उतार कुठून येतो?

ऑफिस सुटायच्या वेळी रुंद फलाटावरची गर्दी अरुंद जिन्याशी येते तेव्हा काय होतं? माणसं तेवढीच, जागा कमी, म्हणून दाटी. मुंबईसमोर समुद्राचा तळ खूप लांबपर्यंत उथळ आहे, तीनेकशे किलोमीटर. खोल समुद्रातून आलेलं पाणी या उथळ भागात शिरताना दाटतं आणि वर चढतं. गोव्याला चढ-उतार दोन मीटरच्या आसपास, मुंबईला त्याच्या दुपटीजवळ, आणि पुढे खंभातच्या आखातात किनारे नरसाळ्यासारखे जवळ येतात तिथे भावनगरला दहा मीटरच्या घरात. भावनगर बंदरात ओहोटीला बोटी गाळावर बसू नयेत म्हणून पाणी अडवायचं दार बांधावं लागलं आहे. कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात हाच आकडा सोळा मीटरवर जातो.

ठाण्याची खाडी सव्वीसेक किलोमीटर लांब आहे. मुंबई बंदराकडे तोंड रुंद, ठाण्याकडे निमुळती. टोकाला एका अरुंद वाटेने ती उल्हास नदीला जोडलेली आहे. भरतीला थेट कळव्या-विटाव्यापर्यंत खारं पाणी येतं. ओहोटीला तेच पाणी उतरतं आणि मैलभर गाळ उघडा पडतो.

या गाळाला नाक मुरडू नका. फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित पक्षी, हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत इथे मुक्काम करतात ते या गाळावरच्या शेवाळासाठी आणि बारीक जीवांसाठी. २०१५ मध्ये हा भाग अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेला. ऐरोलीहून त्यांना बघायला बोट सुटते, तिचं वेळापत्रक भरतीवर असतं, कारण ओहोटीला बोट चालवायला पाणीच नसतं. भरती चढली की गाळ बुडतो आणि पक्षी उठून नेरूळ-सीवूड्सकडच्या उथळ पाण्यात जाऊन थांबतात. ओहोटी लागली की परत. याच गाळात निवट्या असतात, पाण्याबाहेर चिखलावर पंखांनी सरपटणारे मासे. पाणी उतरलं की त्या बिळांतून बाहेर येतात, फुगलेल्या डोळ्यांनी इकडेतिकडे बघतात, आणि जेटीवर तुमची सावली हलली की टुणकन आत.

मग घाबरायचं कधी?

४.८ मीटरला घाबरायचं नाही असं मी भाचीला सांगितलं, पण ते अर्धंच उत्तर होतं. एकट्या भरतीला घाबरायचं नाही. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले तर मात्र जपायचं.

पाण्याने काठोकाठ भरलेल्या पिंपात नळीचं टोक बुडवा आणि दुसऱ्या टोकातून पाणी ओतायचा प्रयत्न करा. पाणी जाणार कुठे? शहरातले नाले या नळीसारखे आहेत. त्यांची तोंडं खाडीत उघडतात. भरतीला खाडीची पातळी नाल्याच्या तोंडावर जाते, पावसाचं पाणी आतच तुंबतं, आणि रस्त्यावर येतं. म्हणजे रस्त्यात जमतं ते बहुतेक वेळा समुद्राचं पाणी नसून समुद्रात जाऊ न शकलेलं पावसाचं पाणी असतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा दुपारी भरतीही होती. गुरुपौर्णिमा २१ तारखेला होऊन गेली होती. पंचमी धरून पाऊणपट करून बघा.

नवी मुंबई वसवताना हा प्रश्न आधीच समोर होता, कारण वाशी-बेलापूरकडचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. पूर्वी तिथे मिठागरं आणि खारी भातशेती होती. शेतकरी बांध घालून खारं पाणी अडवायचे आणि बांधात उघाडी ठेवायचे. उघाडी म्हणजे एकाच बाजूला उघडणारी झडप: भरतीला खाडीचं पाणी तिला बाहेरून दाबून बंद करतं, ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. माणूस लागत नाही, वीज लागत नाही. शहर वसवताना डच धर्तीवर धारण तलाव खोदले, त्यांच्या तोंडाशी अशाच झडपा बसवल्या. भरती असेपर्यंत पावसाचं पाणी तलावात साठवायचं, ओहोटी लागली की सोडायचं. शहराने सहा तास श्वास रोखायचा आणि मग सोडायचा.

आता या तलावांत गाळ भरलाय आणि खारफुटी उगवली आहे. खारफुटीला कायद्याचं संरक्षण आहे, आणि असायलाच हवं, कारण किनारा तीच धरून ठेवते. पण त्यामुळे गाळ काढायचं काम परवानग्यांत अडकतं. तलाव जितका उथळ, तितका श्वास अपुरा. माझ्या मते पावसाळ्यातल्या बातम्यांनी लाटांची चित्रं दाखवण्यापेक्षा या तलावांत किती पाणी मावतंय ते सांगितलं तर लोकांना जास्त उपयोग होईल.

चंद्राचा हप्ता

एक गंमत जाता जाता. एवढं पाणी रोज इकडून तिकडे सरकवायला घर्षण होतं, आणि त्याची किंमत पृथ्वी भरते. तिचं फिरणं अगदी सावकाश मंदावतंय, शंभर वर्षांत दिवस एक-दोन हजारांश सेकंदाने मोठा होतो. हरवलेल्या फिरण्याच्या बदल्यात चंद्र दर वर्षी ३.८ सेंटिमीटर लांब जातो. १९६९ मध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर आरसे ठेवले, त्यांवर लेझरचा झोत टाकून हे मोजता आलं. तुमची नखं वर्षभरात वाढतात तेवढाच हा वेग. गृहपाठासाठी वाढीव वेळ हवा असेल तर बराच धीर धरावा लागेल.

जेटीवरच्या पायऱ्या

भाचीला हे सगळं फोनवर सांगून पटलं नाही. ती म्हणाली, "दाखव." एका शनिवारी आम्ही दिवा गावच्या जेटीवर गेलो. तृतीया होती, पाऊणपटीने सव्वादोन. आम्ही दीडलाच जाऊन बसलो. गाळात उतरायचं नाही ही अट आधीच घातली होती. तो वरून घट्ट दिसतो आणि पाय गुडघ्यापर्यंत गिळतो, म्हणून तुम्हीही वरूनच बघा, आणि मोठं माणूस बरोबर हवंच. तिने वहीत दर दहा मिनिटांनी कोरड्या पायऱ्या मोजल्या. पाच. चार. तीन. दोन वाजायला पाच मिनिटं असताना दोन. मग बराच वेळ दोनच. तरंगणारी नारळाची शेंडी जागच्या जागी गोल फिरत होती, ना आत जात होती ना बाहेर. अडीचला तिसरी पायरी ओली चमकत वर आली.

"काका वीस मिनिटांनी चुकले," ती म्हणाली. काकांनी जाळ्यातून मान वर केली नाही.

पुढच्या शनिवारी दशमी होती. सकाळी भरतीच्या वेळी परत गेलो. पाणी चढायचं थांबलं तेव्हा तिने पायऱ्या मोजल्या, मग वरून पुन्हा एकदा मोजल्या. कोरड्या नऊ.